दोड्डप्पा ऑफ आहेत

इंग्रजीत मला हरवणारा अजून जन्मायचाय, असं मी बारावीच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात जाहीर केलं होतं. नळदुर्गच्या बाजारात भाजीवालीशीसुद्धा मी इंग्रजीतून घासाघीस करायचे. ती कन्नडमधून उत्तर द्यायची, आणि तरी वांगी मिळायची.

बारावीनंतर धाराशिवला राहून इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं, हे ठरलं होतं. म्हणजे माझ्यापुरतं ठरलं होतं. घरात शेवटचा शब्द दोड्डप्पांचा. दोड्डप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ शिवलिंगप्पा, गावात हार्डवेअरचं दुकान असलेले. माझा विषय काढला की ते "बघू" म्हणायचे आणि खिळे मोजायला लागायचे. महिनाभर माझा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता.

त्या सोमवारी पहाटे ते एसटीनं कुठंतरी निघाले. मोबाईल दुरुस्तीला टाकलेला. जाताना मला म्हणाले, "गायत्री, आज मी न्हाय, दुकान बंद हाय. ग्रुपवर सगळ्यांना कळव."

संधी चालून आली! बारावीच्या इंग्रजीत निरोप लिहायचा प्रश्न असतो, आणि आमच्या सरांना त्यात एखादं क्रियाविशेषण लागतंच. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "दोड्डप्पा इज ऑफ टुडे. ही लेफ्ट पीसफुली ॲट फाइव्ह. प्लीज डू नॉट कॉल हिम. शॉप विल रिमेन क्लोज्ड." आणि फोन बंद करून ऐटीत कॉलेजला गेले.

दुपारी परतले तर दारात चपलांचा ढीग. अणदूरची महेश्वरी आत्या जीप करून आलेली. मला बघताच ती गळ्यात पडली. "आमचा अण्णा गेला गं!"

मी असा हंबरडा फोडला की आधीपासून रडणारे गप्प झाले. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "वाटंतच काय तरी झालं असंल. फोन पण लागंना."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं?" मी हुंदके देत आत्याला विचारलं.

"तूच की. सकाळी ग्रुपवर टाकलंस न्हवं, ऑफ झाले म्हणून?"

माझं रडू जागच्या जागी थांबलं. इंग्रजीत ऑफ म्हणजे सुट्टीवर. आमच्याकडं माणूस ऑफ झाला म्हणजे वारला. त्यात मी त्यांना शांतपणे निघायलाही लावलं होतं. आता हे कुणाला सांगावं, कसं सांगावं, असं चाललेलं असतानाच शेजारचे हिंमतराव ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "खड्डा खांदून झालाय. ऐसपैस केलाय." आम्हा लिंगायतांत माणसाला पुरतात.

तेवढ्यात हातात पिशवी घेऊन दोड्डप्पा आले. गर्दी बघून हिंमतरावांशेजारी टेकले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"शिवलिंगप्पा," मान वर न करता हिंमतराव म्हणाले.

"कोणता?"

"हार्डवेअरवाला. लई भला माणूस. खिळे तेवढे कमी तोलायचा."

"कवा कमी तोललं?"

हिंमतरावांनी मान वर केली आणि ते ओसरीवरून खाली पडले.

पुढची दहा मिनिटं कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. शेवटी माझा मोबाईल हातोहात फिरत भेटायला आलेल्या सरांकडं पोचला. सरांनी निरोप दोनदा वाचला. "व्याकरणाची एकही चूक नाही," ते म्हणाले. "पण वाचणारं कोण आहे, ते बघायचं राहिलं. खरं इंग्रजी तिथून पुढं सुरू होतं, गायत्री."

झालं, संपलं आपलं बी.ए., असं म्हणून मी खाली बघत उभी राहिले. दोड्डप्पांनी पिशवीतून एक माहितीपत्रक काढलं. धाराशिवच्या कॉलेजचं!

"हॉस्टेल बघून आलो," ते म्हणाले. "बघू म्हणलं होतं न्हवं? पाणी चोवीस तास हाय. हिला फुडं शिकवायलाच पायजे. अर्ध्यात थांबवली तर घरात माणूस उरायचं न्हाय."

मला पुन्हा रडू आलं, आणि या वेळी आत्यानं मला खुशाल रडू दिलं.

हिंमतराव धोतर झटकत उठले. "मग खड्ड्याचं काय करायचं?"

दोड्डप्पांनी माझ्याकडं बघितलं. "हिचा निकाल लागूस्तर ऱ्हाऊ द्या."

मी त्याच दुपारी अभ्यासाला बसले.