मास्टरांचं तिसरं माप

चंद्रपूरजवळच्या मूल गावात युसूफ मास्टरांकडे शर्ट शिवायला गेलं, की ते तीन मापं घेत. गळा, छाती आणि तोंड.

"आ करा."

गिऱ्हाईक बावचळून आ करायचं.

"आता आपलीच तीन बोटं उभी घाला आत."

तीन गेली, की मास्टर कापडाकडे वळत. दोनच गेली, की कापड परत. "पह्यले खर्रा बंद, मंग शर्ट." हे सगळं ओठांत टाचण्या धरून, दातांतल्या दातांत. त्यांचं निम्मं बोलणं टाचण्यांनाच कळत असावं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट; मी तिथल्या शाळेत शिकवायचो. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी खर्रा मिळे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि अर्धा दोस्ताला द्यायचा. नको म्हणणारा माजोरडा ठरायचा. मास्टर तेवढे एकटेच नको म्हणत.

"तंबाखूची तलफ पाहुणी असते, सर. बस म्हटलं नाई, का थोड्या वेळानं उठून जाते. सुपारी गाल आटवते. आटलेला कुडता उसवून सैल करता येते. गाल कुठी उसवता?"

एकदा आमच्या शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुण्यांनी शाल-श्रीफळ स्वीकारून तंबाखूवर प्रदीर्घ भाषण केलं, तेही गालात काहीतरी सांभाळत. टाळ्या संपतात तोच मास्टर मंचावर चढले.

"साहेब, आ करा."

अख्ख्या शाळेसमोर साहेबांची दोन बोटंही अडली. माझा शालींवर कधीच विश्वास नव्हता. त्या दिवशी या शिंप्यापुढे मात्र मनातल्या मनात टोपी काढली.

त्यांचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे नामदेवभाऊ. राईस मिलमध्ये हमाली करणारा, लहानपणापासूनचा दोस्त. मिल सुटली की दुकानात हजर.

"दोन बी नाई जाऊन राह्यले, नामद्या! पोरीच्या लग्नात जेवशीन का पेज पिशीन?"

"काऊन मांगं लागला बे? तू शर्ट शिव ना!"

शिव्या देई, पण येई.

ईदला मी मास्टरांकडे, दुकानामागच्याच घरी, शीरखुर्मा प्यायला गेलो. मास्टर वाढत होते. स्वतः कुणासोबत कधी खात नसत. हात धुवायला मागे गेलो, तर स्वयंपाकघरात मास्टर भिंतीकडे तोंड करून बसलेले. ओठांत टाचण्या नव्हत्या. हातात तान्ह्या बाळाला औषध पाजायचा चमचा होता, आणि तोसुद्धा आडवा करून दातांच्या फटीतून घालावा लागत होता.

माझी चाहूल लागून ते वळले.

"खर्रा सोडला तवाच एवढं राह्यलं होतं," ते म्हणाले. "सोडल्यानं उघडत नाई. आणखी मिटत नाई, इतकंच."

"मास्टर, हे नामदेवभाऊंना दाखवा. आज सोडतील!"

"सोडन ना. पण सारी जवानी अर्धा खर्रा त्यानंच घोटून देल्ला मले. लाडानं. हे पाह्यलं तर थो या दारात पाय ठेवणार नाई, सर. मंग मी कोणाची वाट पाहू?"

बाहेर सायकल भिंतीला टेकली. "मास्टर! ईद मुबारक बे!"

मास्टरांनी चमचा सदऱ्याच्या खिशात लपवला. ईदचा दिवस, मशीनवर चादर टाकलेली. तरी त्यांनी कॉलरमधल्या टाचण्या काढून ओठांत धरल्या आणि दाराकडे गेले.

"आ कर, नामद्या."