तेवीस पडद्यांवरची बकरी

असा संग्रह अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नाही, हे वाक्य अर्पिता इंगळेनं फेलोशिपच्या अर्जात इतक्या ठामपणे लिहिलं होतं, की निवड समितीतलं कोणी दुसरा शोधायलाही गेलं नाही. मोताळ्याच्या बाजाररस्त्यावरचा एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ, आणि त्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेले तेवीस रंगवलेले पडदे. कशावर ताजमहाल, कशावर तळं आणि हंस, कशावर बर्फाचे डोंगर. एकावर तर चक्क विमानाची शिडी. एकेकाळी आसपासच्या गावांतली माणसं या पडद्यांपुढे उभी राहून फोटो काढून घ्यायची. मोबाइल आले, स्टुडिओला कुलूप लागलं, पडदे माळ्यावर गेले. आता या पडद्यांवर पीएच.डी. करायला सरकार आपल्या मुलीला दरमहा पैसे देतं, हे बुलढाणा आगारात वाहक असलेल्या तिच्या वडिलांच्या अजून नीटसं पचनी पडलेलं नव्हतं.

पण अर्पिताचा हुकमाचा पत्ता पडदे नव्हतेच. बकरी होती.

तेवीसच्या तेवीस पडद्यांवर, खालच्या बाजूला कुठेतरी, एक पांढरी बकरी होती. ताजमहालाच्या कारंज्यापाशी बकरी. बर्फात बकरी. विमानाच्या शिडीखाली, जणू तिलाही तिकीट मिळालंय अशी उभी, बकरी. तळ्याच्या पडद्यावर तर चार. कोणी काढल्या असतील? आणि का? या प्रश्नानं अर्पिताला असं काही पछाडलं, की रस्त्यात खरी बकरी दिसली तरी ती थांबून तिची शिंगं न्याहाळायची.

स्टुडिओचे मालक चिंतामणकाका पाठक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांना तिनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं. ते म्हणाले, पडदे बाहेरून पार्सलनं यायचे, रंगवणारा कोण ते आपल्याला ठाऊक नाही. आणि बकरी? काकांनी पडद्याकडे न पाहताच सांगितलं, "आपल्या पडद्यांवर बकरी नाही, बाई."

अर्पिताला आनंदानं घाम फुटला. म्हणजे मालकालाही पत्ता लागू न देता कोणी अनामिक चित्रकार आपली खूण ठेवून गेला होता! तिनं त्या बकरीवर चौतीस पानांचं प्रकरण लिहिलं. चित्रकार मूळचा धनगर असावा, पोटासाठी शहरात गेला असावा, मागे राहिलेल्या कळपाची आठवण तो पडद्यापडद्यावर सोडत गेला असावा, असं सगळं त्यात तळटीपांसह होतं. आठ महिने ती काकांकडे येत-जात होती. दर खेपेला त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकू चहा आणून ठेवायच्या, सोबत शेवेची वाटी, आणि आत निघून जायच्या. अर्पिता चहा पिऊन काकांना पुढचा प्रश्न विचारायची.

तिच्या मार्गदर्शक इरा मॅडम यांनी पुण्यात ते प्रकरण वाचलं आणि एवढंच कळवलं, की मला ही बकरी प्रत्यक्ष पाहायची आहे. फेलोशिपचं दुसरं वर्ष मंजूर व्हायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर होतं.

मॅडम दुपारी दोनला येणार होत्या. अर्पितानं सकाळीच स्टुडिओच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबापासून विजेच्या खांबापर्यंत दोर बांधून पडदे टांगायला सुरुवात केली. एकेकाचा पद्धतशीर फोटो काढायचा, नंबर द्यायचा, माप लिहायचं. बाजाराचा दिवस होता, पण लोक बाजारात जातील, आपल्याकडे कशाला येतील, असा तिचा हिशेब होता.

पडद्याची उंची लक्षात यावी म्हणून फोटोत शेजारी एखादं माणूस लागतं. तिनं रस्त्यानं भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईंना विनंती केली. त्या सिंधूताई. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि तळ्याच्या पडद्यापुढे अशा उभ्या राहिल्या, की जणू तीस वर्षं त्या याचीच वाट पाहत होत्या.

पाच मिनिटांत सिंधूताईंच्या जाऊबाई आल्या. मग त्यांची सून. मग वरवट बकालहून पाहुणे आलेलं एक अख्खं कुटुंब. अर्पिता प्रत्येकाला समजावत होती, की स्टुडिओ उघडलेला नाही, हे संशोधन आहे. लोक म्हणत होते, करा ना संशोधन, आमचं बी करा. एकाला तिनं विचारलंच, की तुमच्या हातात एवढा मोठा मोबाइल आहे, मग माझ्याकडे कशाला?

"मोबाइलमधी आमी येतो," तो म्हणाला, "पण मांगं तळं नाई येत."

अर्पितानं त्याचाही फोटो काढला. तेवढ्यात आतून चिंतामणकाका इस्त्रीचा सदरा घालून, कंगवा, आरसा आणि पावडरचा डबा घेऊन बाहेर आले. गेली दहा वर्षं गुडघे धरून बसलेला माणूस रांगेत फिरून लोकांचे भांग पाडू लागला, हनुवट्या वर करू लागला, चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटू लागला. अर्पिताच्या फेलोशिपमधून घेतलेल्या कॅमेऱ्यानं अकरा वाजेपर्यंत साठ माणसं टिपली होती आणि पडदे नोंदले होते दोन.

आणि अकराच्याच सुमारास इरा मॅडम आल्या. लवकरची गाडी मिळाली होती. त्या काही विचारणार, तोच काकांनी त्यांच्या हातात त्र्याऐंशी नंबरची चिठ्ठी ठेवली आणि रांगेत उभं राहायला सांगितलं. मॅडम गुपचूप उभ्या राहिल्या. पुढे काय होतं, ते त्यांना पाहायचं असावं.

पुढे गुलाबराव होते, सिंधूताईंचे यजमान. त्यांना नव्या मोटारसायकलीवर बसून, मागे सिंधूताईंना बसवून, तळ्याकाठचा फोटो हवा होता. गाडी मागे घेताना ती जरा जास्तच मागे गेली. टर्रर्र असा आवाज आला. मागे पाय ठेवायच्या दांडीनं तळ्याला हंसाच्या शेपटीपासून काठापर्यंत वीतभर फाडलं होतं.

संग्रहातला सर्वांत सुंदर पडदा, तिच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शकांच्या डोळ्यांदेखत फाटला होता. आता पडदाही गेला आणि दुसरं वर्षही गेलं, असं तिला वाटलं. गुलाबराव गाडीवरून उतरून कान धरायच्या बेतात होते.

तेव्हा घरातून प्रेमलाकाकू आल्या. हातात सुई-दोरा, मांजरपाटाचा तुकडा, रंगाची वाटी आणि ब्रश. त्या पडद्यापाशी पाटावर बसल्या आणि मागून ठिगळ लावून भराभर टाके घातले. मग पुढून ब्रश चालवला. पाठ, पोट, चार पाय, वर दोन टोकं. वीस मिनिटांत तळ्याकाठी पाचवी बकरी उभी राहिली. हुबेहूब बाकीच्या चौघींसारखी.

अर्पिताला आपली चौतीस पानं एकेक करून उडून जाताना दिसली.

"काकू," ती कशीबशी म्हणाली, "हे सगळं तुम्ही काढलंय?"

"हाव. खुर्च्या लागून, पोरायचे पाय लागून पडदे फाटत. ठिगळ फोटोत दिसे. लोक म्हनत, आमच्या फोटोत ठिगळ काऊन? मंग मी त्या ठिगळावर हे रंगवत होती."

"मला आठ महिन्यांत कधी बोलला नाहीत."

"तू इचारलं कुठं? तू तं यायले इचारत होती," काकूंनी काकांकडे बोट दाखवलं.

इरा मॅडम रांग सोडून पुढे आल्या होत्या. त्या पडद्यांपुढून हळूहळू फिरल्या, वाकून मोजत. ताजमहालावर एक, बर्फावर दोन, तळ्यावर पाच. म्हणाल्या, म्हणजे जिथे ठिगळं जास्त, तिथे माणसं जास्त उभी राहिली. कोणाला कुठे उभं राहावंसं वाटत होतं, त्याचा हिशेबच या बाईंनी ठेवलाय. अर्पिता, धनगर काढून टाक आणि उद्यापासून या काकूंच्या शेजारी बस.

दुसरं वर्ष वाचलं, हे अर्पिताच्या जरा उशिरानं ध्यानात आलं. मग तिनं घाईघाईनं वही उघडली आणि काकूंजवळ मांडी ठोकून विचारलं, की इतकं काही काढता आलं असतं, मग बकरीच का?

प्रेमलाकाकूंचा ब्रश थांबला.

"बकरी? कोणती बकरी? ससे हायेत ते."

चिंतामणकाका कंगवा पुसत म्हणाले, "मी तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं."

अर्पितानं पडद्याकडे पाहिलं. शिंगं की कान? मॅडमनीही पाहिलं. गुलाबरावांनी बकरीच्या बाजूनं मत दिलं, सिंधूताईंनी सशाच्या, आणि रांगेत वाद सुरू झाला. अर्पितानं वहीत आधी 'बकरी' लिहिलं. खोडून 'ससा' लिहिलं. काकू दुसरीकडे पाहत आहेत असं बघून तेही खोडलं, आणि शेवटी नोंद केली: 'पांढरा प्राणी, एक.'