सीटवर मारू नये

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत कारखान्याच्या नोटीस बोर्डावर नवीन कागद लागला आणि फिटरने उघडलेला डबा तसाच बंद केला. कागदावर लिहिलं होतं: ‘सोमवारी मालकीणबाई पाहणीसाठी येत आहेत. जुनी, गंजकी व दिसायला वाईट वाहने दर्शनी भागात उभी करू नयेत. ती मागील बाजूस, राखेच्या ढिगाशेजारी लावावीत. ही व्यवस्था सोमवारपासून कायम राहील.’ खाली मॅनेजरची सही होती. सही एवढी मोठी होती की तिच्यापुढे हुकूमच बारका दिसत होता.

मॅनेजर येऊन चार महिने झाले होते. चार महिन्यांत कारखान्यातून एकही पंप जास्त बाहेर पडला नव्हता, पण कागद एकवीस बाहेर पडले होते. म्हणून सगळे त्याला कागदसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब.

कागदात कोणाचं नाव नव्हतं. तरी वाचणाऱ्या प्रत्येकाची मान गेटजवळच्या पत्र्याच्या शेडकडे वळली. तिथे फिटरची काळी मोटरसायकल उभी होती. गेली बावीस वर्षं तिथेच उभी राहायची. तिथून फिटरचं खातं वीस पावलांवर. राखेचा ढीग तीन शेडच्या पलीकडे, आणि मधला रस्ता सगळा खड्ड्यांचा. नऊ वर्षांपूर्वी याच कारखान्यात पंपाचं अख्खं ओतीव धूड फिटरच्या उजव्या गुडघ्यावर पडलं होतं. तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. त्या गुडघ्याबद्दल आजवर एकही कागद निघाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत दहा-बारा जणांनी आपापल्या गाड्या मुकाट मागे नेऊन लावल्या. माणूस पगारासाठी काय काय मुकाट करतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही, ठेवला तर वेड लागेल.

वॉचमन म्हणाला, “दादा, तुम्हीपण न्या ना मागे. दोन दिवसांत सवय होते.”

“मला होईल. गुडघ्याला कोण सांगणार?”

“मग काय करणार?”

“दिसायला वाईट म्हणतोय ना तो? दिसायला चांगली करणार. आरशासारखी. मग कुठल्या शब्दावर बोट ठेवून हलवतो ते बघतो.”

शनिवारी फिटर गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला. आजवर त्याने मोटरसायकल फडक्याने आणि रॉकेलने पुसली होती. दुकानात भिंतभर बाटल्या होत्या. एवढ्या बाटल्या त्याने औषधाच्या दुकानातही पाहिल्या नव्हत्या.

“गाडी चकचकीत करायचीय,” तो म्हणाला.

दुकानदाराने डॉक्टरसारखा चेहरा केला. “शाम्पू कोणता वापरता?”

“मी की गाडी?”

“गाडी.”

“गाडीला केस नाहीत.”

“साहेब, आधी शाम्पू, मग घासायचं कंपाउंड, मग वॅक्स. क्रोमला वेगळं, चेनला वेगळं, प्लास्टिकला स्प्रे. बरं, रंग कसला आहे? ओरिजिनल की नंतर मारलेला?”

इथे फिटरचं चुकलं. मोटरसायकल त्याने भंगारवाल्याकडून वजनावर घेतली होती. इंजिनात उंदरांची पिल्लं निघाली होती. इंजिन त्याने स्वतः उघडून बांधलं, आणि टाकीवरचा डांबरासारखा मळ न खरवडताच वरून काळा ऑइलपेंट मारला, तोही भिंत रंगवायच्या ब्रशने. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, दोघांच्या हातात नव्या गाड्यांच्या किल्ल्या होत्या, आणि दोघंही ऐकत होती.

“ओरिजिनल,” फिटर ठासून म्हणाला. “कंपनीचा रंग आहे.”

“मग काळजीच नाही. हे घ्या, सगळ्यात कडक कंपाउंड. कंपनीच्या रंगाला काही होत नाही.” दुकानदाराने डबी पुढे सरकवली. “बाटल्यांवरच्या सूचना मात्र वाचा.”

“बावीस वर्षं मशिनं दुरुस्त करतोय. एकाचंही पुस्तक वाचलेलं नाही.”

रविवारी सकाळी त्याने मोटरसायकल घरासमोर काढली. शाम्पू झाला. फेस एवढा आला की बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, गाडी कुठे गेली?” मग त्याने कंपाउंडची डबी उघडली. हाताने चोळणं फिटरच्या शानेत बसत नव्हतं. त्याने ड्रिल मशिनला लोकरीचा गोल बफ बसवला, कंपाउंड थापलं आणि टाकीवर मशिन लावलं.

काळा रंग चकाकला नाही. तो निघाला. आधी पापुद्रे निघाले, मग पट्टे निघाले. फिटरला वाटलं, बाकीचाही काढून सारखं करू. जेवणाच्या वेळेपर्यंत टाकी आकाशी निळी झाली होती. निळा रंग खरोखरच कंपनीचा होता, कडक कंपाउंडने त्याचं काही बिघडलं नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

टाकीच्या दोन्ही बाजूंना पांढरा गोल होता. गोलात पंप, पंपातून पडणारे तीन थेंब, आणि खाली अक्षरं: ‘वाहन क्र. १’.

बायको पदराला हात पुसत जवळ आली. तिने गोल पाहिला, मग खुंटीवर वाळत घातलेला नवऱ्याचा कामाचा शर्ट पाहिला. शर्टाच्या खिशावर तोच गोल होता.

“हे तर तुमच्या कारखान्याचं.”

“दिसतंय मला.”

“चोरली होती का?”

“तुझ्यासमोर हातगाडीवर घालून आणली. उंदराची पिल्लं तूच बाहेर सोडलीस.”

“मला माहीत आहे हो. तुमच्या साहेबाला कुठे माहीत आहे?”

फिटर मटकन स्टुलावर बसला. भंगारवाल्याने पावती दिली नव्हती. गाडीचं पुस्तक फिटरच्या नावावर होतं, पण पुस्तकात रंग लिहिला होता काळा. समोर उभी होती निळी, छातीवर कारखान्याचा शिक्का मारून. कालपर्यंत ती नुसती दिसायला वाईट होती. आता चोरीचा माल झाली होती, आणि फिटर तिला स्वतःच्या हाताने उजेडात आणून बसला होता.

“काळ्या रंगाचा डबा आणा,” बायको म्हणाली. “दोन हात मारा. नाहीतर उद्या बसने जा.”

फिटरने गोलावर एकदा बोट फिरवलं. मग उठला.

“नाही मारणार. आज झाकली तर उद्या मी खरंच चोर. आणि मागेही नाही लावणार. नोकरी घेतो म्हणाला तर घेऊ दे, जागा नाही देत.”

“नोकरी गेली की जागेचं काय लोणचं घालायचंय?”

“तू आत जा.”

ती आत गेली नाही. तिने क्रोमची बाटली उचलली आणि हँडल घासायला बसली. दोघांनी मिळून वॅक्स लावलं, चेन साफ केली. शेवटी प्लास्टिकचा स्प्रे उरला. फिटरने तो मडगार्डवर मारला, दिव्याच्या कडेला मारला, आणि उरलेला सगळा सीटवर ओतल्यासारखा मारला. सीट अशी झळकली की त्यात बायकोचा चेहरा दिसू लागला. ती तोपर्यंत बाटलीमागची बारीक अक्षरं वाचत होती.

“यात लिहिलंय, सीटवर मारू नये. घसरते.”

“माझी सीट. मला सांगणारा तो कोण?”

बायकोने वाद घातला नाही. सोमवारी सकाळी तिने पुढच्या सीटवर जाडसर टॉवेल बांधून दिला.

फिटरने गाडी गेटमधून आत आणली आणि पत्र्याखाली, आपल्या जागी लावली. वॉचमन तिच्याभोवती दोनदा फिरला. तेवढ्यात कागदसाहेब आला. इस्त्रीची पँट, हातात फाइल. टाकीवरचा गोल पाहून त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू बढतीचं पत्र आलं.

“ही कंपनीची मालमत्ता आहे.”

“माझी आहे. वजनावर घेतलीय, भंगारातून.”

“पावती?”

“भंगारवाला पावती देत नाही.”

“गाडीचं पुस्तक?”

फिटरने पुस्तक दिलं. साहेबाने ते उघडलं. “यात काळा रंग आहे. ही निळी आहे.”

“कालपर्यंत काळी होती.”

“म्हणजे पुरावा नष्ट केलात?”

“साहेब, नष्ट केला असता तर तुम्हाला दिसला असता का?”

वॉचमन हसला आणि लगेच खोकला. साहेबाने त्याला सांगितलं, “रजिस्टरमध्ये लिहा. ही गाडी गेटबाहेर जाणार नाही. आणि तुम्ही,” तो फिटरकडे वळला, “आज कामाला हात लावायचा नाही. चौकशी होईल.”

“करा. गाडी इथेच उभी राहील आणि मी गाडीपाशी. चौकशीलाही मागे येणार नाही.”

त्याच वेळी मालकीणबाईंची मोटार आत आली. बाई सत्तरीच्या. काठी टेकत उतरल्या. साहेब फुलांचा गुच्छ घेऊन पुढे झाला, पण बाई गुच्छाला वळसा घालून सरळ पत्र्याखाली आल्या. त्यांनी काठीच्या टोकाने टाकीवरच्या गोलाला हलकेच टोकलं.

“ही कुठे सापडली?”

“मॅडम, मीच पकडली,” साहेब म्हणाला. “चोरीचं प्रकरण आहे. या माणसाने कंपनीचं वाहन...”

“वडिलांची गाडी ही. पहिला पंप हिच्यावर बांधून त्यांनी गिऱ्हाइकाकडे नेला. मी लहानपणी टाकीवर बसायची.” बाईंनी काठी टाकीवरून खाली घेतली. “ते गेल्यावर मीच भंगारात काढली. गोदामात अडगळ होत होती. वजनावर दिली. किती किलो भरली तेसुद्धा आठवतं, तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.”

साहेबाने फाइल बंद केली. बाईंनी फिटरला विचारलं, “चालते?”

फिटरने हँडल धरलं. डाव्या पायावर तोल घेतला आणि दुखऱ्या पायाने किक मारली. पहिल्या किकला नाही, दुसऱ्या किकला मोटरसायकल सुरू झाली.

“आवाजसुद्धा तोच आहे,” बाई म्हणाल्या. “एक फेरी मारून दाखवा. मला नाही बसवणार, माझे गुडघे गेले. साहेब, तुम्ही बसा मागे.”

“मी?”

“मग काय काठीला बसवू?”

साहेब बसला. फिटरला धरणं त्याच्या हुद्द्यात बसत नव्हतं, म्हणून त्याने हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवले. मोटरसायकल निघाली. पहिली शेड गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. खड्ड्यांत साहेब प्रत्येक वेळी थोडा थोडा मागे सरकत होता. राखेच्या ढिगापाशी वळण होतं. वळणावर गाडी एकदम हलकी झाली. फिटरला वाटलं, चेन साफ केल्याचा गुण.

तो एकटाच परत आला, तेव्हा बाईंनी विचारलं, “साहेब कुठे उतरले?”

फिटरने मागे वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती आणि आरशासारखी चमकत होती.

साहेब आला तो चालत. केसांपासून बुटांपर्यंत राखाडी. पडला होता मऊ राखेत, त्यामुळे लागलं काही नव्हतं, फक्त ओळखू येत नव्हता.

“एवढा वेळ लागला?” बाई म्हणाल्या.

“मॅडम, लांब आहे ते,” साहेब धापा टाकत म्हणाला. “आणि रस्त्यात खड्डे किती आहेत.”

आवारात जमलेले कामगार हसू दाबत उभे होते. बोलला तो फिटर. “हे कोणीतरी लिहून घ्या रे.”

“तिथे मागे आहे काय?” बाईंनी विचारलं.

वॉचमनने मान खाली घालून सांगितलं, “गाड्या लावायची नवी जागा आहे, बाई. आजपासून कायम.”

बाईंनी बोर्डावरचा कागद आणवला. चष्मा लावून वाचला, दोनदा घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकला. मग फिटरला म्हणाल्या, “ही गाडी मला द्या. पुढच्या हॉलमध्ये काचेत ठेवते. म्हणाल ती किंमत देते.”

“नाही, बाई.”

“का?”

“काचेत ठेवली की बंद पडेल. आणि सहा वाजता मी घरी कसा जाऊ?” त्याने टाकीवर हात ठेवला. “पुढे उभी राहील रोज. बघायला कोणीही या. पण एकटी नाही राहणार. मागे लावलेल्या सगळ्यांच्या गाड्या पुढे येतील, तर ही राहील. नाहीतर मी हिलाही मागे राखेपाशी नेतो, आणि बघायची झाली तर साहेब आत्ताच कुठून आले ते त्यांना विचारा, रस्ता त्यांना माहीत आहे.”

बाईंनी काठी टेकली आणि राखाडी साहेबाकडे पाहिलं. साहेब म्हणाला, “येतील, येतील. पुढेच येतील.”

मंगळवारी बोर्डावर बाविसावा कागद लागला. सर्व वाहने पूर्वीच्याच जागी उभी करावीत, असं त्यात लिहिलं होतं. खाली दुसरं कलम होतं: ‘कोणत्याही कर्मचाऱ्याने वाहनाच्या सीटवर पॉलिश मारू नये.’ या वेळी सही एवढी बारीक होती की वाचायला वॉचमनला जवळ जावं लागलं.

फिटरने तो कागद शेवटपर्यंत वाचला. आयुष्यात त्याने पूर्ण वाचलेली ती पहिली सूचना. संध्याकाळी घरी जाताना तो त्या दुकानात थांबला.

“साहेब, कंपाउंड संपलं का?” दुकानदाराने विचारलं.

“कंपाउंड नको. तो स्प्रे द्या,” फिटर म्हणाला. “मोठी बाटली.”