किंमत उतरेपर्यंतची लग्नं

आमच्या विवाह नोंदणी कार्यालयात एकच लॅपटॉप आहे. तो सकाळी दहा वाजता सुरू केला की दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सुरू होतो. मधल्या वेळात पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहतं आणि आतून कुणीतरी खडे चघळत असल्यासारखा आवाज येतो. नोंदणीला आलेली जोडपी तेवढा वेळ भिंतीजवळच्या बाकावर बसतात. गेल्या वर्षी या अठ्ठेचाळीस मिनिटांत सात जोडपी बाकावरच भांडून आपापल्या घरी परत गेली. साहेबांनी ही बाब वार्षिक अहवालात ‘विवाहपूर्व समुपदेशन, विनामूल्य’ या शीर्षकाखाली दाखवली.

या कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. पुढे जे काही झालं त्याला मीच जबाबदार आहे, आणि खोटं कशाला बोलू, काही काळ मला त्याचा अभिमानही वाटत होता.

दोन वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाने विचारणा केली होती की, लॅपटॉपमधली जुनी फिरती हार्ड डिस्क काढून सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवायचा का. च्युइंग गमच्या पट्टीएवढी ती वस्तू. आत काही फिरत नाही, आवाज नाही, लॅपटॉप अकरा सेकंदांत उघडतो. साहेबांनी माझं मत मागितलं, इथेच सगळं चुकलं. लोकांना सामन्यांचे निकाल तोंडपाठ असतात, मला ड्राइव्हचे वेग असतात. कुठल्या कारखान्यात चिपवर किती थर चढवतायत, पुढच्या तिमाहीत काय बाजारात येणार आणि त्याच्या पुढच्या तिमाहीत ते किती जुनं ठरणार, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं. मी चार पानांची टिपणी लिहिली. तिचं सार असं: ‘ड्राइव्हची किंमत सातत्याने उतरत असून वेग सातत्याने वाढत आहे. सबब आज खरेदी करणे म्हणजे उद्याच्या मानाने महाग व मंद वस्तू जाणूनबुजून घेणे होय. करिता, उद्यापर्यंत थांबावे.’

टिपणी वर गेली आणि गाजली. वरच्या साहेबांनी समासात ‘दूरदृष्टी’ असा शेरा मारला आणि सर्व कार्यालयांसाठी ‘प्रतीक्षा धोरण’ जाहीर झालं. सहा महिन्यांनी किंमत खरंच उतरली. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. थांबल्याने फायदा झाला हे सिद्ध झाल्यामुळे आणखी थांबायचं ठरलं. पुढच्या सहा महिन्यांत किंमत पुन्हा उतरली, दुसरं प्रशस्तिपत्रक मिळालं. मग एकदा किंमत चढली आणि वरच्या कार्यालयाची पाचावर धारण बसली. मी ताबडतोब लिहून कळवलं की, चढलेली किंमत ही उतरण्याची पूर्वतयारी समजावी. तिसरं प्रशस्तिपत्रक. तिन्ही मी चौकटीत घालून लॅपटॉपच्या वरच्या भिंतीवर लावली. वर्तुळ फिरत असताना लोकांना वाचायला काहीतरी हवंच होतं.

धोरणात खरेदीची एक वाट ठेवलेली होती. यापेक्षा स्वस्त व वेगवान ड्राइव्ह यापुढे कधीही येणार नाही, अशी लेखी हमी दुकानदाराने दिल्यास ड्राइव्ह घ्यावा. मी तो फॉर्म कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

“म्हणजे याच्यापेक्षा चांगलं पुढे काहीच मिळणार नाही, असं मी लिहून द्यायचं?”

“सही आणि शिक्क्यासह.”

“साहेब, तुमच्याकडे जी माणसं लग्नाला येतात, ती तरी एकमेकांना असं लिहून देतात का?”

उत्तर सोपं होतं, पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

आता मासोळीबद्दल सांगितलं पाहिजे. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवते, म्हणून सगळे तिला मासोळी म्हणतात. आमचं लग्न सहा वर्षांपासून ठरलेलं होतं. सहा वर्षं का, तर पहिली दोन मी घरांचे दर स्थिरावायची वाट बघत होतो, आणि पुढची चार कशाची ते आता आठवत नाही. एका महिन्याच्या पहिल्या तारखेला ती कार्यालयात आली. तलावाला लागून असलेल्या दोन खोल्या विवाहित शिक्षकांना मिळणार होत्या. एकतीस तारखेपर्यंत नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवायचं, नाहीतर खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला.

“एकतीसनंतर मी वाट बघणार नाही,” ती म्हणाली. “खोल्यांची पण नाही आणि तुझी पण नाही.”

मी हसून म्हटलं, “अगं, नोंदणी माझ्याच तर हातात आहे.” इतक्या बेफिकिरीने मी त्यानंतर एकही वाक्य बोललेलो नाही.

चार तारखेला लॅपटॉपच्या पडद्यावर संदेश आला: ‘जागा शिल्लक नाही.’

साहेबांनी चष्मा वर करून तो वाचला. “एका लग्नाला जागा लागते किती?”

“दोघांचे फोटो, साक्षीदारांचे फोटो, सह्या, अंगठे, सगळं धरून चार एमबी.”

“मग संसार आटोपशीर करा.”

आम्ही आधी साक्षीदारांचे फोटो बंद केले. मग वधूवरांचा एकत्र एकच फोटो. मग रंग काढले. मग त्या एकत्र फोटोत जो जास्त बोलतो त्याचाच चेहरा ठेवायचा, असं ठरलं आणि एका दुपारी तीन लग्नं मोडता मोडता वाचली. शेवटी मी भीत भीत सुचवलं की, डिजिटल कार्यालयाच्या उद्घाटनाची चाळीस जीबीची चित्रफीत आहे, ज्यात साहेब फीत कापतायत, तेवढी पुसली तर दहा हजार लग्नं आरामात बसतील.

“ती कार्यालयाची स्मृती आहे,” साहेब म्हणाले आणि तिला स्वतःचा पासवर्ड घातला. पेन ड्राइव्ह लावायला सुरक्षेच्या कारणास्तव आधीच बंदी होती, आणि कागदी रजिस्टर डिजिटल झालो त्या दिवशीच रद्दीत गेलं होतं. नवा ड्राइव्ह तर काय, स्वस्त होत होता.

मग तो निर्णय झाला. एक जुनी नोंद पुसली तरच एक नवी होईल. पण पुसायची कुणाची? घटस्फोट झालेल्यांची पुसता येत नव्हती, कोर्ट कधीही मागू शकतं. वारलेल्यांची पुसता येत नव्हती, वारस मागतात. राहता राहिले ते हयात आणि कागदोपत्री सुखी असलेले. ‘स्वेच्छा स्थानत्याग अर्ज, नमुना नऊ’ तयार झाला आणि मी दारावर सूचना चिकटवली: ज्या दांपत्यांना आपली नोंद सोडून कार्यालयाला सहकार्य करण्याची इच्छा असेल, त्यांनी दोघांच्या सह्यांनिशी अर्ज करावा. एकही अर्ज येणार नाही, असा माझा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी रांग जिन्यावरून उतरून फुटपाथवर गेली होती.

पहिला नंबर गणिताच्या निवृत्त मास्तरांचा आणि त्यांच्या पत्नीचा. आजींनी नमुना नऊ पूर्ण न वाचताच सही केली. मास्तर पेन हातात धरून बसले.

“अगं, एकदा विचार कर.”

“एक्केचाळीस वर्षं तेच करतेय. अहो, करा सही, मागे लोक खोळंबलेत.”

मी कळ दाबली आणि एक्केचाळीस वर्षं गेली. दोघं शांतपणे जिना उतरले. मला खिडकीतून दिसत होतं. शेवटच्या पायरीवर मास्तर घुटमळले, सदरा नीट केला आणि म्हणाले, “तुम्हाला घरापर्यंत सोडू का?” आजींनी त्यांच्याकडे बघितलं. “घर लांब नाहीये,” त्या म्हणाल्या, “पण आपण लांबून जाऊ.” आणि दोघं आइस्क्रीमच्या दुकानाच्या दिशेने गेले.

हा प्रकार साथीसारखा पसरला. नोंदी पुसलेली जोडपी बागेत दिसू लागली, एकमेकांना चोरून चिठ्ठ्या पाठवू लागली. बँकेच्या मॅनेजरबाई स्वतःच्याच नवऱ्याला भेटायला खोटं सांगून रजा काढू लागल्या. त्रेसष्ट नोंदी गेल्या, त्रेसष्ट लग्नांची जागा झाली, आणि मी नोंदणीच्या प्रतीक्षायादीत माझा क्रमांक पाहिला: अडतीस. मला वाटलं, सुटलो.

बाराव्या दिवशी, नव्या नोंदी सुरू व्हायच्या त्याच सकाळी, मास्तर आणि आजी परत आले. मास्तरांनी केस काळे केले होते. आजी लाजत होत्या.

“आम्हाला लग्न करायचंय,” मास्तर म्हणाले.

त्यांच्या मागे एकोणपन्नास जोडपी उभी होती, सगळी त्याच कामासाठी. उरलेली तेरा आली नाहीत, पण ती सर्वांत ताजीतवानी दिसतात असं ऐकलं. साहेबांनी नियमावली चाळून निर्णय दिला की, कुठल्याही पदासाठी अनुभवी उमेदवारास प्राधान्य असते, सबब आधी लग्न केलेल्यांना आधी घ्यावं. माझा क्रमांक अडतीसवरून अठ्ठ्याऐंशीवर गेला. मी साहेबांना म्हटलं, माझं जरा बघा.

“तुम्हीच थांबायला शिकवलंत ना आम्हाला?” त्यांनी भिंतीवरच्या तीन चौकटींकडे बोट दाखवलं. त्या क्षणी मला त्या उतरवून खिडकीबाहेर फेकाव्याशा वाटल्या.

एकतीस तारखेला दहाच्या ठोक्याला मासोळी आली. सोबत साक्षीदार म्हणून तिची मावशी. शिपाईकाकांनी लॅपटॉप सुरू केला. मासोळीने पर्समधून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. ड्राइव्ह होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्वतःच्या पगारातून आणलेला.

“कार्यालयाला माझ्याकडून भेट,” ती म्हणाली. “बसवा आणि आम्हाला मोकळं करा.”

साहेबांनी भेटवस्तूंचे नियम काढले. वस्तू कालबाह्य नसल्याचा तज्ज्ञाचा दाखला असल्यास भेट स्वीकारता येत होती. कार्यालयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ मी. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी फक्त ‘नाही, कालबाह्य नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मी डबी हातात घेतली, तिच्यावरचा वेगाचा आकडा वाचला आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

“चांगला आहे. पण पुढच्या महिन्यात दुप्पट वेगाचा येतोय.”

मावशींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी समाधानाने डबी ‘प्रतीक्षाधीन’ लिहिलेल्या कप्प्यात टाकली, कप्पा बंद केला आणि ते वरच्या कार्यालयात प्रतीक्षा धोरणाच्या गौरव समारंभाला निघून गेले. मासोळी चिडली असती तर बरं झालं असतं. ती जाऊन बाकावर बसली.

“लॅपटॉप उघडेपर्यंत बसते,” ती म्हणाली. “मग जाते.”

त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मी तीनदा टेबल पुसलं. वर्तुळ फिरत होतं. ते आयुष्यात पहिल्यांदा मला फार वेगाने फिरतंय असं वाटलं. दहा अठ्ठेचाळीसला यादी उघडली, हजारो जोडप्यांची, आणि मासोळी उठली. पण दाराकडे न जाता ती माझ्या टेबलाशी आली.

“तलावावर पोरं फळीवर उभी राहतात आणि मला विचारतात, बाई, पाणी अजून थोडं कोमट झालं की मारू का उडी?”

“मग तू काय सांगतेस?”

“डोळे मीट, नाक धर आणि मार.”

मी डोळे मिटले. एका हाताने नाक धरलं. दुसऱ्या हाताने यादी भरभर खाली सरकवली, वर आणली, पुन्हा खाली नेली, आणि कुठेतरी थांबून कळ दाबली. चार एमबी मोकळे झाले. नमुना नऊ नाही, सही नाही, काही नाही. दहा अठ्ठावन्नला मावशी आणि शिपाईकाकांच्या साक्षीने आमचं लग्न लागलं. मला इतका आनंद झाला की मी मासोळीऐवजी आधी शिपाईकाकांनाच मिठी मारली. दुपारी खोल्या मिळाल्या. दोन्ही खोल्यांत पाण्याचा वास येतो आणि मला तो आवडतो.

याला आता आठ महिने झाले. कुणाची नोंद पुसली ते मला माहीत नाही. पुसलेल्यांची यादी ठेवायची तर तिलाही जागा लागते. घरात तुमच्याकडे प्रमाणपत्र असेल, चौकटीत लावलेलंही असेल, पण ते आमच्या यादीशी जुळलं तरच खरं. मला वाटलं होतं, दोन दिवसांत कुणीतरी तावातावाने येईल. आठ महिन्यांत कुणीही आलेलं नाही. म्हणजे एकतर त्या दोघांना पत्ता नाही, नाहीतर दोघांपैकी एकाला पत्ता आहे आणि ते माणूस गप्प बसलंय.

तेव्हा तुमचं लग्न आमच्याकडे नोंदवलेलं असेल तर कधीतरी येऊन बघून जा. दहाला या, अठ्ठेचाळीस मिनिटं बाकावर बसावं लागेल. नोंद सापडली नाही तरी घाबरू नका. पुढच्या तिमाहीत निम्म्या किमतीचा ड्राइव्ह येतोय, तो आला की तुमचं लग्न मी स्वतः परत लावून देईन. तोवर घरात एकमेकांशी जरा गोडीने वागा, कारण कायद्याने तुम्ही एकमेकांचे कुणीच नसण्याची शक्यता आहे.