धोंडूअण्णांची घरची ड्यूटी

तुडीलच्या धोंडूअण्णांनी माझ्या घशात बॅटरी मारली, तेव्हा मी त्यांच्याकडे फक्त कोयता मागायला गेलो होतो. "आ करा गुरुजी. लाल हाय. परवा या!" जन्मभर शाळेत पोरांना दटावलं मी, माझा असा पाणउतारा कुणी केला नव्हता.

अण्णा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. निवृत्त झाले, पण गेट काही सुटलं नाही. अंगणाच्या फाटकाशी खुर्ची, साबण, पाण्याची बादली आणि तोंडात कायम "पास हाय काय?" जावई आला तरी आधी हात धुवायचे, मग चहा. तोही बाहेरच.

हसताय ना? मीही हसायचो. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, संधिवात आहे. बोटं अशी आखडली होती की वाटी धरवत नव्हती. अण्णा सांगायचे, "अंगातले शिपाई फिरले गुरुजी. चोर सोडून घरच्यांनाच बडवाय लागले. मुंबयच्या डाक्टरनी सलाईनमधनं औषद सोडून त्यातली एक तुकडीच कमी केली. बोटं सुटली, भाकरी थापाय लागली! पन आता खरा चोर आला तर आडवनार कोन? मंग मीच ऱ्हायलो ड्यूटीला." मागे एका बारशाहून वहिनी ताप घेऊन आल्या आणि महिनाभर दवाखान्यात पडून होत्या. तेव्हापासून हा पहारा.

यंदा शिमग्याला मात्र कहर झाला. वहिनींचा पुढचा डोस आठवड्यावर आला होता. ताप आला की डोस लांबणार आणि बोटं पुन्हा आखडणार. इकडे देवीची पालखी दारोदार फिरत होती आणि वहिनी सकाळपासून खण-नारळाचं ताट घेऊन ओटी भरायला तयार. पालखीमागे अख्खा गाव, ढोल, धूळ, खोकला. अण्णांनी फाटकाला कडी घातली.

"पालकी पुढं न्या."

"अण्णा, देवीला आडवता?" पोरं खवळली.

"देवीला नाय रे, तुमाला!"

पालखी पुढे गेली. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी जाऊन चांगलं सुनावलं, "शरम वाटू द्या अण्णा! वहिनी आत रडताहेत. निदान जवळ बसून समजूत तरी काढा."

अण्णा ओटीवर, अंथरुणाच्या वळकटीला टेकून बसले होते. तोंडाला पंचा.

"कसा जाऊ?" आवाज पार बसलेला. "चार दीस झाले, माजाच घसा धरलाय. मी पन भाईरच हाय."

तेवढ्यात आतून वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, ताट उंबऱ्यावर ठेवलंय. मी लांब हाय. त्यांना जेवा म्हनावं."

अण्णांनी ताट उचललं आणि खोकला तिकडे जायला नको म्हणून दाराकडे पाठ करून बसले. वहिनींना त्यांची पाठच दिसत असेल. मला समोरून दिसत होतं. घास हातात तसाच होता आणि अण्णा आवाज न करता रडत होते.