नंदूभाऊंच्या वजनाची कारणं

आमचे शेजारी नंदूभाऊ पेणच्या काट्यावर शंभर किलो भरले, की रोह्याला जाऊन पुन्हा वजन करायचे. तिथे दीड किलो कमी भरलं की खूश. "बघा, माझा दोष नाय. पेणची हवाच जड हाय!"

नोकरी रोह्याच्या एका कंपनीत, तीही खुर्चीतली. डॉक्टरांनी वजन वाढण्याची कारणं सांगितली: बैठं काम, अपुरी झोप, गोड खाणं, आनुवंशिकता. नंदूभाऊ एकेका कारणाच्या हात धुऊन मागे लागले. घरातल्या खुर्च्या आमच्याकडे आणून टाकल्या आणि पेपर उभ्याने वाचू लागले. रात्री नऊलाच घोरू लागले. चहातली साखर गेली. आनुवंशिकतेसाठी आजोबांचा फोटो भिंतीवरून काढून तपासला. फोटो गळ्यापर्यंतच होता. "कुठं दिसतंय पोट? हे कारण कटाप!"

महिन्यात तीन किलो वाढले. डॉक्टर वैतागले, "खाता किती?"

"घरी? एक भाकरी."

खरंच एकच खायचे. मी रोज बघत होतो.

एकदा रोह्याहून परतताना ते मला एसटीत भेटले. वाटेत गडब गावाला स्वतः उतरले, मलाही उतरवलं. "मावशीकडं डोकावून जाऊ. रोजचं हाय माझं." आई गेल्यावर या मावशीनेच त्यांना वाढवलं होतं. आता ती एकटीच राहायची.

"आलास व्हय रं नंद्या? जेवून घे." तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. आम्ही पोटभर जेवलो. हात धुऊन ओटीवर टेकतो, तोच मावशी बाहेर आली. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला.

"अरे, कधी आलास? भुकेला असशील!"

मला वाटलं, थट्टा करते. नंदूभाऊ मात्र उठले. "आत्ताच येतोय गो मावशे." आणि आत जाऊन पुन्हा पाटावर बसले.

मावशी चुलीकडे वळली, तसा मी कुजबुजलो, "जेवलो म्हणून सांगा ना!"

"सांगितलं व्हतं एकदा. तिला काय आठवंना. पोराला वाढलं का नाय, तेवढं पण मला कळंना, म्हणून रडत बसली." मग म्हणाले, "डॉक्टरला नका सांगू. तो हे बंद करायला लावील."

मावशीने माझ्यापुढेही ताट सरकवलं. मी मुकाट्याने मांडी घातली.

"किती दिसांनी आलास रं," ती नंदूभाऊंना म्हणाली.

"व्हय गो," ते म्हणाले, आणि भातासाठी ताट पुढे केलं.