हल्लेखोराचा अर्ज

टाकासे नगर कार्यालयाच्या गुन्हे-प्रतिबंध सरावात हल्लेखोर कोण होणार, हे ठरवायला तीन बैठका झाल्या. दरवर्षी पोलीस ठाण्याचे हवालदार निरासावा स्वतःच हल्लेखोर व्हायचे. पण मागच्या वर्षी पाणीपुरवठा विभागाच्या लोकांनी त्यांना गुन्हेगाराला लांबूनच अडवायच्या लांब दांड्याच्या बेचकीने भिंतीशी इतक्या उत्साहाने दाबून धरलं, की त्यांची कंबर अजून सुटलेली नव्हती. तिसऱ्या बैठकीतही सगळे टेबलाकडे बघत गप्प बसले, आणि अशा वेळी नेहमी होतं तेच झालं. काम कुराहाशींच्या गळ्यात पडलं.

कुराहाशी हे नोंदणीच्या खिडकीवरचे कारकून. वय सत्तेचाळीस, आणि आवाज असा की समोरच्याने कान पुढे करावा. बायको फुमिए आणि मुलगी ओनाशिमा बेटावर, आजारी सासऱ्यांपाशी. हे इकडे भाड्याच्या एका खोलीत. शुक्रवारी संध्याकाळची बोट पकडायची, तीही वारा बरा असेल तर. बेटावर कार्यालयाची एका माणसाची शाखा होती. तिथे बदली मिळावी म्हणून ते सहा वर्षं न चुकता अर्ज भरत होते. अर्ज विभागप्रमुख उबुकातांकडे जाई आणि तिथून पुढे कुठे जाई ते देवाला ठाऊक. यंदा बेटावरचा तो एकुलता एक कर्मचारी मार्चमध्ये निवृत्त होणार होता. ही जागा भरली गेली की पुढची पंधरा वर्षं तिथे कुणी मरणार नव्हतं की निवृत्त होणार नव्हतं.

"या वर्षी तरी विचारा हो साहेबांना तोंडाने," फुमिए फोनवर म्हणाली होती. "कागद काय, गप्पच बसतो. तुमच्यासारखा."

"विचारतो," कुराहाशी म्हणाले, आणि त्यांनी विचारलं नाही.

हल्लेखोराचे संवाद निरासावांनी झकास लिहून दिले होते. "ए गाढवा! बोलाव तुझ्या साहेबाला, नाहीतर एकेकाला बघून घेतो!" पण कागद मंजुरीसाठी फिरला. 'गाढव' शब्दाने कर्मचाऱ्यांचा अपमान होतो, असं आस्थापना विभागाने कळवलं. आपला नागरिक कुणाला 'ए' म्हणेल हे दाखवणं बरं नव्हे, असं जनसंपर्काचं मत पडलं. पाच शिक्के बसून कागद परत आला तेव्हा त्यावर एवढंच उरलं होतं: "मला जरा राग आला आहे. साहेब आहेत का?"

"यात हल्ला कुठाय?" निरासावांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं.

"चाकू आहे ना," उबुकाता म्हणाले. "रबरी. त्याचीसुद्धा मंजुरी घेतलीय."

सरावाच्या दिवशी कार्यालय उघडण्याआधी अर्धा तास सगळे आपापल्या जागी उभे राहिले. नगराध्यक्ष घडीच्या खुर्चीवर येऊन बसले. कपाटामागे बेचक्या घेतलेले चौघे दबा धरून होते. दार सरकलं. टोपी, मास्क, काळा चष्मा आणि हातात चाकू अशा थाटात हल्लेखोर आत आला, आणि तेवीस वर्षांच्या सवयीने यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढून बाकावर जाऊन बसला.

पाच मिनिटं कुणीच हललं नाही. हल्लेखोर आपल्या नंबराची वाट बघत होता, बेचक्यावाले हल्ल्याची. शेवटी खिडकीतल्या मिनेगिशीला राहवलं नाही. तिने बटण दाबलं.

"क्रमांक एक, या."

कुराहाशी उठले, खिडकीशी गेले आणि कमरेत वाकले. "सकाळी सकाळी त्रास देतोय हं."

"थांबा, थांबा!" निरासावा लंगडत धावले आणि त्यांना दाराबाहेर घेऊन गेले. "अहो, तुम्ही हल्ला करायला आलात की दाखला काढायला?"

"माफ करा. हात आपोआप गेला."

"तो कागद फेका बघू. खरा राग आणा. आयुष्यात कशाचा तरी राग असेल ना तुम्हाला?"

कुराहाशींनी मनापासून विचार केला. "एक आहे."

"मग तोच काढा बाहेर. नगराध्यक्ष जांभया देतायत!"

दार पुन्हा सरकलं. या खेपेला हल्लेखोराने चिठ्ठी काढली नाही. तो थेट खिडकीशी गेला आणि त्याने चाकूची मूठ फळीवर अशी आपटली की शिक्क्यांचा डबा खाली पडला.

"माझा अर्ज कुठाय?"

तो आवाज कुराहाशींचा आहे यावर खुद्द कुराहाशींचाही विश्वास बसेना. मिनेगिशीला दिलेल्या कागदावर अर्जाबिर्जाचं काहीच नव्हतं. ती बिचारी सवयीने म्हणाली, "कोणता अर्ज, साहेब?"

"बदलीचा! सहा वर्षं झाली! पोरगी पहिलीत होती, आता माझ्या खांद्याला लागते! बोलवा त्या उबुकाताला!"

आता टाकासेत कुणी नागरिक एवढा चिडला, तर विभागप्रमुखाने बाहेर येऊन माफी मागायची, ही जुनी रीत. उबुकाता धावत आले आणि पार कंबरेतून वाकले. साहेब वाकले म्हटल्यावर बेचक्यावालेही कपाटामागून बाहेर येऊन वाकले. वाकताना हातात बेचकी बरी दिसत नाही, म्हणून ती त्यांनी आधी व्यवस्थित भिंतीला टेकवून ठेवली.

"फार मोठी चूक झाली," उबुकाता जमिनीकडे बघत म्हणाले. "आत्ता बघतो."

"आत्ता! इथेच!"

उबुकातांनी टेबलाचा खालचा खण ओढला. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याखाली सहाच्या सहा अर्ज निघाले, एकाचीही घडी मोडलेली नव्हती. "शिक्का मारा," कुराहाशी म्हणाले. उबुकातांनी सगळ्यात वरच्या अर्जावर शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकरही घातली, आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

टाळ्या ऐकू आल्या. नगराध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. "वा! वा! अर्जसुद्धा जुने दिसतील असे बनवलेत! कुणाची ही कल्पना?"

उबुकाता सरळ झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "जी... माझीच. सगळी आधीच तयारी होती. हो ना, कुराहाशीसान?"

कुराहाशींच्या हातात अर्ज होता, ओल्या शाईचा. बेटावरचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. अर्ज खरा आहे म्हणावं, तर आपण वरिष्ठाला खरोखर चाकू दाखवून शिक्का मारून घेतला असा अर्थ होतो, आणि हवालदार दोन हातांच्या अंतरावर उभा. सराव आहे म्हणावं, तर कागद रद्दी. बाकी सगळे त्यांच्याकडे बघत होते. मास्क काढला की त्यांचा आवाज पहिल्यासारखा होणार, हे त्यांना कळून चुकलं, पण तोवर मास्क निघालाही होता.

"हो," ते पुटपुटले. "सराव."

निरासावांनी त्यांच्या हातातून अर्ज अलगद काढून घेतला, त्यावर लाल शाईने 'सराव' असं लिहिलं आणि अहवालाला जोडला.

त्या रात्री कुराहाशींनी फुमिएला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओरडलात खरे? तुम्ही?" आणि मग हसली की रडली ते त्यांना फोनवर समजलं नाही.

मार्चअखेर बदल्यांची यादी लागली. नगराध्यक्षांनी अहवाल बारकाईने वाचला होता. हल्लेखोर: उत्कृष्ट. विभागप्रमुख: दोन मिनिटांत शरण, वर शिक्काही मारून दिला. असा माणूस मुख्य कार्यालयात ठेवणं धोक्याचं आहे, असं त्यांचं मत झालं, आणि जिथे कुणी हल्लेखोर फिरकणार नाही अशी एकच जागा त्यांना सापडली. ओनाशिमा बेट. कुराहाशींसाठी मात्र नवं पदच निघालं: सुरक्षा जनजागृती अधिकारी. मुक्काम मुख्य कार्यालय. काम कार्यालयाच्या सगळ्या शाखांवर हल्ला करणं.

मे महिन्यात बेटाची पाळी आली. टोपी-मास्क पिशवीत घालून कुराहाशी सकाळच्या बोटीने उतरले. परतीच्या बोटीला चार तास होते. त्यातला एक तास हल्ल्यात गेला, तरी तीन घरी मिळणार होते. शाखेत शिरून ते नेमाप्रमाणे गरजले. उबुकाता खिडकीत एकटेच बसले होते. ते वाकले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हल्लेखोराला चहा ओतला.

"कुराहाशीसान, माझी बायको तिकडे, मी इकडे. मासे खाऊन खाऊन वीट आला. अर्ज टाकलाय बदलीचा, पण नवे साहेब दाद देत नाहीत हो." मग ते खिडकीतून पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा तो चाकू दोन दिवस मिळेल का?"

कुराहाशींनी मास्क हनुवटीवर ओढून चहाचा घोट घेतला. त्यांना रागही आला आणि कीवही आली.

"मिळेल की," ते म्हणाले. "पण त्यासाठी अर्ज करावा लागतो."

उबुकातांनी लगेच पेन काढलं आणि किती प्रतींत, एवढंच विचारलं.